बर्टोनेची गाडी, होंडाचं इंजिन

फियाट एक्स १/९ चालवलेल्या कुणालाही तिच्याबद्दल विचारा, तो आधी वळणांबद्दल बोलेल. डोंगरातल्या रस्त्यावर स्टिअरिंग वळवलं की गाडीचं नाक लगेच आत वळतं, मागचा भाग आज्ञाधारकपणे मागोमाग येतो आणि एवढी वर्षं झाली तरी आजच्या गाड्यांना लाजवेल अशी पकड ती दाखवते. मग हाच माणूस जरा थांबतो आणि सांगतो की सरळ चढ लागला, की गाडीचा जीव कमी पडतो. इतकी गुणी चेसिस आणि तिला इतकं बेताचं इंजिन, ही तक्रार गाडीच्या जन्मापासूनची आहे.

जन्मकथा पाहिली की तक्रारीचं मूळ कळतं. १९६९ मध्ये फियाटने १२८ ही छोटी कौटुंबिक गाडी आणली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरने तिच्यात इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, त्याच रेषेत जोडला. ब्रिटिश मिनीमध्येही इंजिन आडवंच होतं, पण तिथे गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली, त्याच ऑइलमध्ये बुडलेला होता. जाकोसाची मांडणी पुढे जगाने उचलली. आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं बोनेट उघडलं तर तीच मांडणी दिसेल. तूरिनजवळच्या ग्रुल्यास्कोला कारखाना असलेल्या बर्टोने या कंपनीने मात्र एक धाडसी गोष्ट केली. १२८ चा इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल असा अख्खा संच त्यांनी नाकातून उचलून दोन सीटच्या मागे ठेवला. मिउरा ही अजरामर लॅम्बोर्गिनी रेखाटणाऱ्या मार्चेल्लो गांदिनीने त्यावर पाचरीसारखी टोकदार बॉडी चढवली. १९७२ च्या अखेरीस एक्स १/९ बाजारात आली. छप्पर काढून पुढच्या डिकीत ठेवता यायचं. सीटच्या मागे एका बाजूला स्टेपनी आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी. इंजिन मध्यभागी असलेली गाडी तोवर मुख्यतः श्रीमंतांची आणि शर्यतवाल्यांची चीज होती. ती या गाडीने साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आणली. १९८२ पासून ती बर्टोनेच्या नावाने विकली गेली आणि १९८९ मध्ये बंद झाली, तोवर दीड लाखाहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

इंजिन घडवणाराही सामान्य माणूस नव्हता. ते आउरेलिओ लाम्प्रेदीने केलेलं, ज्याने त्याआधी फेरारीची मोठी बारा सिलिंडरची इंजिनं घडवली होती. पण मोजमाप शेवटी छोट्या गाडीचं: १२९० सीसी आणि ७५ हॉर्सपॉवर. १९७८ मध्ये १४९८ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद ८५ पर्यंत गेली. अमेरिकेत धुराच्या नियमांमुळे ती त्याहूनही कमी भरली, आणि या गाडीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेमकं अमेरिकेत होतं.

म्हणून एक्स १/९ मध्ये दुसरं इंजिन बसवण्याचे प्रयोग बरेच झाले. फियाट आणि लान्चियाची मोठी इंजिनं लोकांनी बसवली, कारण ती नात्यातली. पण गेल्या काही वर्षांत एक नाव बाकीच्यांच्या पुढे गेलं आहे, ते म्हणजे होंडाचं के मालिकेतलं इंजिन. त्यातलं के-२० हे दोन लिटरचं. २००१ पासून ते सिव्हिक आणि इंटेग्राच्या वेगवान अवतारांत आलं आणि त्याच्या जोरकस रूपाने २०० हॉर्सपॉवर दिली. जपानी गाडी अपघातात सापडली की तिचं इंजिन गिअरबॉक्ससकट भंगारवाल्याकडे येतं, आणि अमेरिकेत अशी इंजिनं भरपूर मिळतात. पण निव्वळ स्वस्त आणि दणकट म्हणून के-२० इथे शोभत नाही. त्याची कारणं खोल आहेत, आणि मला ती फार सुंदर वाटतात.

लाम्प्रेदीच्या १२९० सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आहे. के-२० मध्येही तो नेमका ८६ मिलिमीटरच आहे. फरक आहे पिस्टनच्या धावेत: फियाटचा पिस्टन ५५.५ मिलिमीटर वर-खाली होतो, होंडाचा ८६ मिलिमीटर. म्हणजे आडव्या दिशेने दोन्ही इंजिनं जवळपास सारखी जागा मागतात आणि होंडाला जास्तीची जागा हवी असते ती उंचीत. सीटमागच्या त्या अरुंद कप्प्यात लांबी-रुंदी जमणं ही निम्मी लढाई असते. होंडाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे, फियाटचा ओतीव लोखंडाचा. त्यामुळे आकार वाढूनही मागच्या चाकांवर मोठा बोजा पडत नाही. बोजा पडला असता तर वळणावरची ती जादूच हरवली असती.

दुसरं कारण फिरण्याच्या दिशेचं. होंडाची आधीची बहुतेक गाजलेली इंजिनं जगाच्या उलट दिशेने फिरायची. असं इंजिन दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला जोडलं तर एक गिअर पुढे आणि बाकी सगळे मागे नेणारे, अशी गत होईल. के मालिकेत होंडाने दिशा बदलली आणि त्याबरोबर गिअरबॉक्सही गाडीच्या डाव्या बाजूला आला. एक्स १/९ चा गिअरबॉक्सही डावीकडेच आहे. जाकोसाची मांडणी आणि होंडाची मांडणी तीस वर्षांच्या अंतराने एकमेकींवर अशी चपखल बसते.

तिसरं कारण स्वभावाचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. लाम्प्रेदीचं छोटं इंजिन फेऱ्या वाढल्या की खुलतं, सहा हजारांपर्यंत ते हौसेने पळतं. के-२० ची घडणही तशीच आहे. त्याच्या कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात. गर्दीत सावकाश जाताना वॉल्व्ह थोडे उघडतात. फेऱ्या सहा हजारांच्या आसपास गेल्या की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, उंच कॅम कामाला लागतो आणि इंजिनाचा आवाजच बदलतो. म्हणजे ड्रायव्हरची गाडी चालवण्याची रीत तीच राहते, फक्त तिला उत्तर मोठं मिळतं. याच गाडीत एखादं जड, कमी फेऱ्यांवर ढकलणारं इंजिन बसवलं तर आकडे तेवढेच येतील, पण गाडी दुसरीच होईल.

पुढची कथा सांगण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. इटालियन गाडीत परदेशी इंजिन म्हणजे बाटगेपणा, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण इटलीच्या कारखान्यांनी स्वतःच ही वाट कितीतरी आधी मळली होती.

मिलानजवळच्या ब्रेस्सोमध्ये रेन्झो रिवोल्ताची इझो ही कंपनी होती. अंड्याच्या आकाराची ती छोटी इझेत्ता गाडी मूळची त्यांचीच. १९६२ मध्ये त्यांनी आलिशान जीटी गाडी आणली. तिच्यासाठी फेरारीतून बाहेर पडलेला ज्योत्तो बिझ्झारिनी हा इंजिनिअर त्यांच्याकडे आला होता. बिझ्झारिनीला बारा सिलिंडरच्या इंजिनाची नस माहीत होती. तरी त्या गाडीत त्याने बसवलं ते अमेरिकेचं शेव्हरोलेचं ५.४ लिटरचं व्ही-८, जे कॉर्व्हेटमध्ये येत होतं. हिशोब सरळ होता. नवं इंजिन स्वतः घडवायला वर्षं आणि अमाप पैसा लागतो. हे इंजिन तयार होतं, पारखलेलं होतं आणि कुठल्याही गावात दुरुस्त होत होतं. बर्टोनेकडे असलेल्या तरुण ज्योर्जेत्तो ज्युज्यारोने तिला देखणी बॉडी दिली. पुढे अलेहांद्रो दे तोमासो या मोदेनात स्थायिक झालेल्या अर्जेंटिनियन गृहस्थाने हेच फोर्डच्या इंजिनांबरोबर केलं. १९७१ च्या पँतेरामध्ये ५.८ लिटरचं फोर्ड व्ही-८ सीटमागे उभं होतं आणि ती गाडी अमेरिकेत फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरी डीलरकडे विकली जायची. सुरुवातीच्या पँतेरा तापायच्या. मोठं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, या रचनेची ती किंमत होती. एक्स १/९ वाल्यांना तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो, त्याकडे पुढे येऊच.

लान्चिया स्ट्रातोसचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तीही बर्टोनेची आणि गांदिनीची. रॅली जिंकण्यासाठीच बनवलेल्या या गाडीला लान्चियाकडे साजेसं इंजिन नव्हतं, म्हणून फेरारी डिनोचं २.४ लिटरचं व्ही-६ घेतलं गेलं. तोवर फेरारी आणि लान्चिया दोघीही फियाटच्या छत्राखाली आल्या होत्या, तरी ही मागणी सहज मान्य झाली नव्हती. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं तिने रॅलीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. स्ट्रातोसमधलं इंजिन परक्या घरचं आहे असं आज कुणी म्हणत नाही.

मराठी वाचकाने असा संकर डोळ्यांनी पाहिलेला आहे, कदाचित त्यातून प्रवासही केला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याच कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. बॉडी १९६६ च्या फियाट १२४ ची, साचे स्पेनच्या सेआतकडून आलेले, आणि बोनेटखाली निसानचं ए-१२, ११७१ सीसी, ५२ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्सही निसानचाच. गंमत अशी की १२४ चं मूळ इटालियन इंजिन याहून जास्त ताकदीचं होतं. इथे ताकद हा हेतूच नव्हता. पेट्रोल कमी पिणारं आणि कटकट न करणारं इंजिन हवं होतं, ते जपानकडे होतं. पद्मिनीतल्या स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याची सवय असलेल्यांना तो खालचा, लोण्यासारखा पडणारा गिअर आठवत असेल. इंजिन घेतलं की त्याचा गिअरबॉक्सही सोबत घ्यावा, हा शहाणपणा ११८ एनई मध्ये होता. एक्स १/९ मध्ये होंडा बसवणारेही तेच करतात. फियाटचा गिअरबॉक्स ज्या ताकदीसाठी बनला, तिच्या दुप्पट-अडीचपट भार त्याच्यावर टाकला तर त्याचे दाते फार दिवस साथ देत नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिलं काम गंजाचं असतं. त्या काळातल्या फियाट गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत आणि एक्स १/९ त्याला अपवाद नाही. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे बुरूज, दाराखालचा उंबरा आणि इंजिन कप्प्याच्या खालच्या कडा ठोकून पाहाव्या लागतात. पत्रा सडलेला असताना त्यावर २०० हॉर्सपॉवर टांगणं हा जिवाशी खेळ आहे, आणि इंजिनाच्या उत्साहात नेमकं हेच काम टाळलं जातं.

मग माउंटिंग. ही गोष्ट नीट समजून घ्यावी अशी आहे, कारण बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत इंजिन पुढे, डिफरन्शिअल मागच्या ॲक्सलमध्ये. चाकांना मिळणारा अंतिम पीळ मागच्या स्प्रिंगा आणि ॲक्सल झेलतात, इंजिनाच्या रबरांपर्यंत तो पोचत नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीत मात्र डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. चाकं जेवढ्या जोराने पुढे फिरतात तेवढ्याच जोराने अख्खा संच उलटा फिरू पाहतो. के-२० चा टॉर्क १९३ न्यूटन-मीटर, पहिला गिअर सुमारे ३.२७, शेवटचं गुणोत्तर सुमारे ४.३९. गुणाकार केला की २७०० च्या वर जातो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पावणेतीनशे किलोचं वजन टांगावं, एवढा हा पीळ. इंजिन नुसतं टेकवण्यापुरतं ब्रॅकेट वेल्ड केलं तर पहिल्याच जोराच्या सुरुवातीला ते वाकतं. म्हणून जाणकार लोक एक स्वतंत्र चौकट बनवतात, ती मूळच्या क्रॉस मेंबरच्या बोल्टांवर बसते आणि वरच्या बाजूने एक आडवा दांडा इंजिनाला फिरण्यापासून रोखतो. सगळीकडे रबर हवंच. ते काढून लोखंडाला लोखंड भिडवलं की इंजिनाचा प्रत्येक ठोका पाठीच्या मणक्यात येतो आणि काही हजार किलोमीटरांत पत्र्याला चिरा जातात.

इंजिन कुठे बसणार हे ठरवायला पूर्ण इंजिन आत घालत नाहीत. रिकामा ब्लॉक, रिकामा गिअरबॉक्स आणि वर नुसतं हेड बोल्टने लावून तो हलका सांगाडा साखळीवर टांगतात, आणि मग मिलिमीटर-मिलिमीटरने जागा शोधतात. होंडाची जास्तीची उंची इथे नडते. वर बोनेटला लागू नये म्हणून इंजिन खाली घ्यावं, तर खालचं ऑइल चेंबर रस्त्याला घासेल. त्यावर उपाय म्हणजे कमी उंचीचं चेंबर. पण त्यात ऑइल शोषणारी नळीही तेवढीच आखूड करावी लागते, आणि लांब वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन नळी कोरडी पडू नये म्हणून आत पडदे लावावे लागतात. वळणांसाठीच जन्मलेल्या गाडीत हा पडदा विसरून चालणार नाही.

हाफ शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचं काम मला या सगळ्यात जास्त देखणं वाटतं. आतल्या टोकाला होंडाच्या गिअरबॉक्समध्ये बसणारा सांधा हवा, बाहेरच्या टोकाला फियाटच्या हबमध्ये बसणारा. असा शाफ्ट कुठल्याच दुकानात नसतो. तो बनवून घ्यावा लागतो आणि त्याची लांबी अंदाजाने ठरवता येत नाही. गाडी स्टँडवर घ्यायची, मागच्या स्प्रिंगा काढायच्या आणि जॅकने चाक हळूहळू वर-खाली करत तीन जागी मोजायचं: पूर्ण लोंबकळलेलं, रस्त्यावर असताना असेल त्या उंचीवर आणि पूर्ण वर दाबलेलं. चाक वर-खाली होताना गिअरबॉक्स आणि हब यांच्यातलं अंतर बदलत असतं. आतला सांधा (सीव्ही जॉइंट) काही मिलिमीटर आत-बाहेर सरकून हा फरक सामावून घेतो. शाफ्ट जरा लांब झाला तर खड्ड्यात चाक वर जाताना सांधा आतून ठोकतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. आखूड झाला तर चाक लोंबकळताना सांधा निसटू शकतो. लेथवर काम करणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगणारा आणि तो समजून घेणारा, अशी दोन माणसं एकत्र आली की गाडी जमते.

गिअर टाकण्याची व्यवस्थाही पूर्ण बदलते. फियाटमध्ये एक लांब सळई मागे जाते, होंडाचा गिअरबॉक्स दोन केबलींवर चालतो. सळई काढून टाकायची, होंडाचा किंवा तशा धाटणीचा गिअर लिव्हर मधल्या बोगद्यावर बसवायचा आणि केबली अशा न्यायच्या की कुठेही झटका देणारं वळण नसेल. क्लच मात्र दोन्हीकडे हायड्रॉलिक, त्यामुळे तिथे तुलनेने सोपं जातं.

आता पाणी. इंजिन मागे आणि रेडिएटर नाकाशी, त्यामुळे एक्स १/९ मध्ये कूलंटच्या दोन लांब नळ्या गाडीखालून अख्खी लांबी पार करतात. पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटमध्ये. ७५ हॉर्सपॉवरसाठी बेतलेल्या रेडिएटरकडून २०० हॉर्सपॉवरची उष्णता झेलण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि थर्मोस्टॅटवर चालणारे दोन पंखे लागतातच. पण त्याहून घातक असतो एअर लॉक. एवढ्या लांब नळ्यांत हवेचा बुडबुडा कुठेतरी उंच जागी अडकतो, पंप हवेवर फिरतो आणि काटा स्थिर दिसत असताना हेड तापत राहतं. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करावं, हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवावा, रेडिएटरच्या वरच्या हवेच्या बोल्टमधून सलग धार येईपर्यंत घाई करू नये. मग इंजिन गरम करून, थंड होऊ देऊन पुन्हा पातळी पाहावी. या एका कामाला अर्धा दिवस द्यावा. कमी दिला तर हेड गॅस्केट जातं.

पेट्रोलचीही तीच कथा. कार्ब्युरेटरला पंपाचा अगदी मामुली दाब पुरतो, होंडाच्या इंजेक्टरना साडेतीन बारच्या आसपास लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि साधे क्लिप यांच्यावर एवढा दाब द्यायचा नाही. टाकी सीटच्या मागेच आहे हे लक्षात ठेवावं. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी नवी, इंजेक्शनसाठी बनलेली हवी आणि अपघातात पंप बंद करणारा स्विच हवाच हवा. इथे काटकसर करणारा माणूस गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

वायरिंगला लोक घाबरतात, पण त्याला शिस्त लावली तर ते आटोपशीर आहे. फियाटचं वायरिंग फियाटसाठी राहू द्यावं: दिवे, वायपर, हॉर्न. होंडाचा संगणक आपल्या वायरिंगसकट स्वतंत्र ठेवावा आणि दोघांची भेट मोजक्याच ठिकाणी घडवावी: चावीचा पुरवठा, पेट्रोल पंपाचा रिले, चार्जिंगचा दिवा, तापमान आणि आरपीएम. आरपीएमचा फियाटचा काटा इग्निशन कॉइलच्या ठोक्यांवर चालतो. होंडात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल, म्हणून काटा जागचा हलत नाही, मध्ये एक छोटं सर्किट घालून त्याला संगणकाचा इशारा समजावून द्यावा लागतो. होंडाच्या संगणकात चोरीविरोधी कुलूप असतं, मूळ चावी नसेल तर ते नव्याने प्रोग्रॅम करून घ्यावं लागतं. आणि अर्थिंग. जुन्या पत्र्यावरचा रंग खरवडून, जाड केबलने ब्लॉक, बॉडी आणि बॅटरी एकत्र बांधली नाही तर सेन्सर खोटं बोलू लागतात आणि दोष कुठे आहे ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

ब्रेक आणि टायर यांच्याशिवाय हे सगळं अर्धवट आहे. एक्स १/९ ला चारही चाकांना डिस्क होत्या, त्या काळी हे कौतुकाचं होतं, पण त्या २२७ मिलिमीटरच्या आणि एकसंध, मधून हवा खेळवणाऱ्या नाहीत. वेग ताशी १०० वरून १४० झाला की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. तेरा इंचाच्या चाकात फार मोठी डिस्क मावतही नाही, म्हणून चाकंही बदलतात. चाकं फार रुंद केली तर स्टिअरिंगचा तो नाजूकपणा जातो ज्यासाठी गाडी घेतली होती. माझा कौल नेहमी मध्यम आकाराच्या बाजूने असेल.

मग कुठल्या गाडीचं इंजिन बदलावं आणि कुठलीचं नाही? एक्स १/९ चा मोठेपणा तिच्या तोलात आहे, बॉडीत आहे. होंडा बसवल्यावर तो तोल शाबूत राहिला तर गाडीचं नुकसान झालं असं मी मानत नाही. उलट गांदिनीची रेषा ज्या वेगाचं वचन देते तो वेग तिला पहिल्यांदा मिळतो. अल्फा रोमिओच्या जुन्या जुलियाचं तसं नाही. तिचं दोन कॅमशाफ्टचं ॲल्युमिनियम इंजिन हेच त्या गाडीचं अर्धं अस्तित्व आहे. लान्चिया फुल्वियाच्या चिंचोळ्या व्ही-४ बद्दलही हेच म्हणेन. असं इंजिन पुन्हा कुणी बनवणार नाही. बिघडलं असेल तर दुरुस्त करावं, भाग मिळत नसतील तर मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी, पण ते काढून दुसरं बसवू नये.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट हवी असेल तर बदल त्या काळाला साजेसे असावे लागतात, २००१ चं होंडा इंजिन तिथे बसत नाही. भारतात नियम आणखी कडक आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. आरसी बुकवर चेसिस क्रमांकाशेजारी इंजिन क्रमांकही असतो. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, महाराष्ट्रात ती एमएच व्हीए अशी. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून ज्याच्याकडे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी फियाट मूळ इंजिनासह आहे, त्याने ते इंजिन जिवापाड जपावं. आणि ११८ एनई च्या मालकाने हे ध्यानात ठेवावं, की त्याच्या गाडीत निसानचं इंजिन हेच मूळ इंजिन आहे.

जिथे कायदा परवानगी देतो तिथेही उतरवलेलं फियाट इंजिन भंगारात देऊ नये. ब्लॉक लोखंडी असल्याने त्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढावं. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे ऑइल सोडून क्रँक हाताने फिरवावा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा फिरवावा. कार्ब्युरेटर कोरडा करून त्याची तोंडं कापडाने बंद करावीत. गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट, गिअरची सळई, जुना रेडिएटर, माउंटिंगची रबरं आणि काढलेला प्रत्येक बोल्ट पिशव्यांत घालून, कुठला कुठे होता ते लिहून इंजिनासोबत एका खोक्यात ठेवावं. गाडी विकायची वेळ आली तर हे खोकं गाडीसोबतच द्यावं, वेगळं विकू नये. नव्या मालकाला एखाद्या दिवशी लाम्प्रेदीचं इंजिन परत बसवावंसं वाटलं, तर एकाही पत्र्याला हात न लावता ते बसायला हवं.